हट्टी पण लाघवी मांजर सांभाळताना: आधी काय, मग काय

"मांजर पहाटे चारला उठवतं, काय करू?" या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: दुर्लक्ष करा. उत्तर चूक नाही, पण ते शेवटी करायचं काम आहे आणि बहुतेक घरांत सुरुवात तिथूनच होते. मांजराचं पोट नीट भरलेलं नसतं, दिवसभर खेळ झालेला नसतो, शी-लघवीचा ट्रे ओला असतो, घरातलं कुणीतरी गुपचूप उठून त्याला खायला घालत असतं, आणि तुम्ही मात्र उशीत डोकं खुपसून दुर्लक्ष करत असता. तिसऱ्या रात्री तुमचाच धीर सुटतो. मांजर त्यातून एकच धडा घेतं: आणखी जोरात ओरडलं की काम होतं.

खालचे टप्पे गोव्यातली घरं, इथला पाऊस आणि इथली मासळी धरून लिहिले आहेत. आधीचे टप्पे गाळून सातव्यावर, म्हणजे दुर्लक्षावर, उडी मारू नका. सगळं बसायला महिना-दीड महिना लागतो. घरात रंगकाम, पाहुणे किंवा चवथीची (गणेश चतुर्थीची) धांदल असेल तर ती आटोपल्यावरच हात घाला.

आधी जमवायच्या गोष्टी

एक वही आणि पेन. कडक प्लास्टिकची, दार असलेली मांजराची पेटी. ट्रे म्हणून मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब असा उथळ टब. दांडीला दोरी आणि पिसं बांधलेलं खेळणं. काथ्याची जाड दोरी आणि एक मजबूत लाकडी खांब किंवा फळी. सुकं खाणं ठेवायला घट्ट झाकणाचा डबा. महागड्या झाडासारख्या मनोऱ्यांची घाई नको. ते आणून मांजर शेवटी त्याच्या खोक्यात बसलेलं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

टप्पा १: आधी डॉक्टर

हट्ट करणारं मांजर आणि दुखणं सांगणारं मांजर बाहेरून सारखंच दिसतं. दोन्ही ओरडतात, दोन्ही पायांत घोटाळतात. आधी शांत असलेलं मांजर गेल्या काही आठवड्यांत अचानक बोलकं झालं असेल तर हा टप्पा टाळूच नका. वय दहाच्या पुढे असेल तर रात्रीच्या ओरडण्यामागे वाढलेलं थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार, रक्तदाब, मंदावलेली नजर किंवा कान, यांपैकी काहीही असू शकतं. भरपूर खाऊनही अंग उतरत असेल तर ते खादाड झालेलं नाही, तपासणी हवी आहे.

मादीची नसबंदी झाली नसेल तर कोड्याचं अर्धं उत्तर तिथंच आहे. माजावर आलेली मांजरी रात्र-रात्र ओरडते, जमिनीवर लोळते, सारखी अंगचटीला येते. घरच्यांना वाटतं, किती प्रेमळ झाली! गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. बोका असेल तर दारासाठी आकांत आणि भिंतीवर, सोफ्यावर लघवीचे फवारे. पाच-सहा महिन्यांच्या वयात नसबंदी करता येते. ती होईपर्यंत पुढचे सगळे टप्पे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

डॉक्टरकडे न्यायच्या दिवशीच पेटी बाहेर काढली की मांजर पलंगाखाली जातं. चार-पाच दिवस आधीपासून ती दार उघडं ठेवून बैठकीच्या खोलीत ठेवा, आत जुना टॉवेल घाला, एखादं जेवण तिथंच द्या. स्कूटरवरून न्यायचं असेल तर मागे बसणाऱ्यानं पेटी मांडीवर घट्ट धरायची आणि वरून टॉवेल टाकायचा. पिशवीत घालून नेलेलं मांजर सिग्नलला उडी मारून गेल्याच्या कहाण्या प्रत्येक गावात आहेत. याच खेपेत जंताचं औषध आणि रेबीजची लस उरकून घ्या. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला, पण तो लशीच्या जोरावर, त्यामुळे "आता काय गरज" हा हिशेब उलटा आहे.

*थांबा:* बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवी थेंबभर येते किंवा येतच नाही, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. यात एक-दोन दिवसांत जीव जातो. बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसू नका, रात्र असली तरी फोन करा.

*थांबा:* मांजराला पॅरासिटामॉलची गोळी, अगदी पाव तुकडाही, कधीच द्यायची नाही. पावसाळ्यात गोचीड-पिसवा वाढल्या की कुत्र्याच्या मानेवर घालायचं औषध मांजराला लावलं जातं. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात. औषधावर मांजराचं चित्र आणि वजन लिहिलेलं असेल तरच वापरा.

टप्पा २: चार-पाच दिवस नुसती वही

या दिवसांत काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. चार रकाने करा: किती वाजता ओरडलं, कुठं उभं होतं, त्याच्या आधी काय झालं, आणि तुम्ही काय केलंत. चौथा रकाना लिहायला लोक लाजतात, म्हणून तोच आधी लिहा.

एका घरातल्या वहीचं पान असं दिसेल. ५.२०, स्वयंपाकघराचं दार, बाहेर पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, "पाव घ्यायला उठले, त्याला दोन दाणे टाकले." ११.१५, पुढची पायरी, मासळीवालीच्या स्कूटरचा हॉर्न, "बांगड्याचं डोकं दिलं." ३.४०, लॅपटॉपवर, मीटिंग चालू, "खाली ठेवलं, परत आलं, खाली ठेवलं, परत आलं, मग थोपटलं." रात्री १०.५०, मागचं दार, पाऊस, "दार उघडलं, बाहेर गेलं नाही."

हे वाचल्यावर दिसतं की मांजर घड्याळ नाही, आवाज पाळतं. पदेराचा भोंपू म्हणजे नाश्ता हे त्याला तुम्हीच शिकवलं आहे. दुसरं असं की मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं असणारं जनावर आहे. पाचला जाग येणं हा त्याचा स्वभाव आहे. बदलायचं आहे ते जागं झाल्यावर तुम्हाला उठवणं.

*तपासा:* प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द लिहा: खाणं, दार, खेळ किंवा माणूस. ज्या शब्दाची संख्या सर्वांत जास्त, त्या टप्प्यावर जास्त वेळ द्या. "माणूस" जास्त आलं तर टप्पा ६ तुमच्यासाठी आहे.

टप्पा ३: घरच्यांची एकवाक्यता

पाच माणसांच्या घरात चौघांनी नियम पाळला आणि एकानं मोडला तर नियम नाहीच असं मांजर धरतं, आणि त्या एकाच्या मागे लागतं. बहुधा ती आजी असते. "उपाशी आहे गो बिचारी," म्हणत ताटातला माशाचा तुकडा खाली जातो. आजीशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही. तिला खायला घालण्यात आनंद आहे, तर दिवसातलं एक ठरलेलं जेवण तिच्याच हातून होऊ द्या. संध्याकाळी साताचं वाडगं आजीचं. मात्र ते ताटाजवळ नाही, मांजराच्या जागेवरच. माझ्या अनुभवात या एका वाटणीनं जेवढं साधतं तेवढं चार व्याख्यानांनी साधत नाही.

कागदावर तीनच नियम लिहा आणि फ्रिजवर लावा: जेवताना ताटातून काही नाही, ओरडत असताना काही नाही, रात्री अकरा ते सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत काही नाही. कामाला येणाऱ्या बाईंनाही सांगा. त्या येताना मासळीचे तुकडे आणत असतील तर तेही वहीत यायला हवेत.

टप्पा ४: खाणं

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

आपल्याकडचं मांजर म्हणजे मासळी-भात हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. अंगणात राहून उंदीर, पाली, पक्षी मारणाऱ्या मांजराचं त्यावर निभत होतं, कारण बाकीचं ते स्वतः मिळवत होतं. फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मांजराचं निभत नाही. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. भातानं पोट फुगतं, पण लागणारी प्रथिनं आणि टॉरिन (मांसातून मिळणारा, मांजराला आवश्यक घटक) त्यातून मिळत नाही. टॉरिन सतत कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. आणि असं मांजर तासाभरानं पुन्हा ओट्याशी उभं राहतं, मग आपण त्याला "खादाड" म्हणतो.

नुसती मासळीही नको. तारले, बांगडे यांसारखे तेलकट मासेच रोज दिले तर इ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन अंगातली चरबी सुजते, आणि मांजर हात लावू देत नाही. काही कच्च्या माशांतलं एन्झाइम थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट करतं. सुक्या मासळीत मीठ फार असतं. हुमणातला (माशाच्या आमटीतला) तुकडा धुऊन दिला तरी कांदा-लसणाचा अंश राहतो आणि तो मांजराच्या रक्ताला घातक आहे. मासळी द्यायचीच तर आठवड्यातून एक-दोनदा, मीठ-मसाल्याशिवाय उकडून, काटे काढून, आणि वरचं खाणं म्हणून. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. जुलाब लागतात आणि ट्रेचं नवं प्रकरण उभं राहतं.

आता क्रम.

१. रोजचं मुख्य खाणं असं निवडा ज्याच्या पाकिटावर "संपूर्ण व संतुलित" लिहिलेलं आहे, सुकं असो वा ओलं. चार किलोच्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे दिवसाचं माप सकाळीच एका डब्यात काढून ठेवा. कुणीही घालो, त्याच डब्यातून घालायचं. डबा संपला की त्या दिवसाचं संपलं.

२. जुन्या खाण्यावरून नव्यावर एका रात्रीत जाऊ नका. सात ते दहा दिवस धरा: आधी पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण.

३. दिवसाची चार छोटी जेवणं करा. शेवटचं झोपण्याच्या आधी आणि चारांतलं सगळ्यात मोठं.

४. सकाळचं जेवण तुमच्या उठण्याला जोडू नका. उठा, तोंड धुवा, चहा ठेवा, पाव घेऊन या, अर्धा तास जाऊ द्या, मग वाडगं. "माणूस उठला की खाणं" ही गाठ सुटली की माणसाला उठवण्यात त्याला फायदा उरत नाही. ठरलेल्या वेळी आपोआप उघडणारं यंत्र घेतलंत तर आणखी बरं, पण बॅटरीवरही चालणारंच घ्या. जूनमध्ये वीज गेली की वाडगं बंद आणि मांजर तुमच्या छातीवर.

पावसाळ्यात सुकं खाणं दमट होऊन बुरशी धरतं. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, छोटी घ्या आणि घट्ट डब्यात ठेवा. ओलं खाणं तासाभराच्या वर उघडं नको. मुंग्यांसाठी जुनाच उपाय चालतो: पाणी घातलेल्या परातीत वाडगं.

मासळीबंदीचं विसरू नका. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, होड्यांची थोडी मासळी येते ती महाग. वर्षभर मासळीवर वाढलेलं मांजर या दोन महिन्यांत वाडगं हुंगून पाठ फिरवतं आणि घर डोक्यावर घेतं. म्हणून खाण्याचा बदल मेच्या मध्यापर्यंत पुरा झालेला हवा. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी करता त्याच वेळी मांजराचीही करा.

*थांबा:* "भूक लागली की खाईल झक मारत" हा हिशेब मांजराला लावू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, त्यातही जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. पूर्ण एक दिवस तोंड लावलं नाही तर बदल थांबवा, जुनं खाणं द्या, डॉक्टरला विचारा.

*तपासा:* दोन आठवड्यांनी बरगड्यांवर हात फिरवा. बोटांना बरगड्या लागायला हव्यात, डोळ्यांना दिसायला नकोत.

टप्पा ५: ट्रे, दार, उंची, नखं

अंगणात जाणारं मांजर उन्हाळ्यात आंब्याखाली कोरड्या मातीत आपलं आपण उरकतं. जून लागला की ती माती चिखल होते. मग ते दाराशी ओरडतं, तुम्ही दार उघडता, ते पाऊस बघतं, मागे फिरतं, दहा मिनिटांनी पुन्हा ओरडतं. हा लहरीपणा नाही. त्याला जागा हवी आहे आणि बाहेर ती उरलेली नाही. मेमध्येच अंगणातली कोरडी माती एका पिंपात भरून ठेवा. पाऊस लागण्याआधी घरात ट्रे मांडा, त्यात तीच माती घाला, मग दर दोन दिवसांनी थोडी माती काढून त्या जागी मांजराच्या ट्रेसाठी विकत मिळणारी वाळू वाढवत न्या.

ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त हवा. दोन इंच थर, दिवसातून दोनदा साफसफाई, खाण्यापासून आणि वॉशिंग मशीनच्या धडधडीपासून लांब. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रेचं काम दुसऱ्यानं करावं आणि ते रोज करावं. गर्भाला धोकादायक अशा टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे कण विष्ठेत पडल्यावर संसर्ग करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस घेतात, त्याआधी घाण गेलेली बरी.

दाराचा हट्ट तोडायचा असेल तर बाहेर जाणं एक तर ठरलेल्या वेळी, किंवा अजिबात नाही. "कधी कधी" सगळ्यात वाईट. पावसात चिऱ्यांच्या कुंपणाच्या फटींतून घोणस, नाग, फुरसं निघतं आणि मांजर त्याच्याशी खेळायला जातं. माझं मत विचाराल तर फ्लॅटमधलं मांजर बाहेर सोडूच नये, आणि अंगणातलं तिन्हीसांजेनंतर आत असावं. बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी लावलेली असते, ती मांजर कुरतडतं. धातूची जाळी लावा आणि खालच्या कडेची फट हातानं दाबून बघा.

उंच जागा म्हणजे कपाटाचा माथा रिकामा करणं, बस्स. तिथं जायला मध्ये एक स्टूल. नखांसाठी लाकडी खांबाला काथ्या घट्ट गुंडाळा. उंची अशी की मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं तरी वर थोडा खांब उरेल, आणि तळ इतका जड की हलणार नाही. हा खांब कोपऱ्यात लपवू नका. ज्या सोफ्याला ओरबाडतं, त्याच्या अगदी शेजारी उभा करा.

लॅपटॉपवर येणाऱ्या मांजरासाठी टेबलावरच, हाताच्या अंतरावर, उथळ खोकं आणि त्यात तुमचा जुना टीशर्ट. त्यात बसलं की थोपटा. कीबोर्डवर आलं की उचलून खोक्यात, न बोलता.

टप्पा ६: मागण्याआधी देणं

हा टप्पा लोकांना उलटा वाटतो. मांजर आधीच डोक्यावर बसलंय, आणखी लाड कशाला? पण वहीत बघा: तुम्ही त्याच्याकडे लक्ष दिलंत ते बहुतेक वेळा ते ओरडल्यावरच. शांत बसलं होतं तेव्हा तुम्ही सुखानं फोन बघत होतात. हा व्यवहार उलटवायचा आहे. मांजर खिडकीत गप्प बसलंय, तेव्हा जाऊन दोन शब्द बोला, हनुवटीखाली खाजवा. दिवसातून पाच-सहा वेळा, न मागता.

खेळ दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. दुसरा खेळ रात्रीच्या शेवटच्या जेवणाच्या लगेच आधी. क्रम मोडू नका: खेळ, मग खाणं, मग दिवा बंद. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप ही मांजराच्या अंगातलीच साखळी आहे, तुम्ही फक्त तिची वेळ ठरवता. दांडीचं खेळणं तोंडावर नाचवू नका. भक्ष्य कधी शिकाऱ्याच्या अंगावर येत नाही. ते लांब न्या, पडद्याआड लपवा, थांबवा, मग झटकन हलवा. शेवटी दोन-तीनदा पकडू द्या, नाहीतर ते चिडलेलं राहतं आणि तो राग तुमच्या पायाच्या अंगठ्यावर निघतो. खेळ संपला की दोरी कपाटात. गिळलेली दोरी आतड्यांत अडकते आणि ऑपरेशन करावं लागतं. हाताशी खेळवू नका. पिल्लाचा चावा गोड वाटतो, बोक्याचा वाटत नाही.

आता थोपटण्याबद्दल, कारण लाघवी मांजरच जास्त चावतं अशी तक्रार असते. ते मांडीवर आलं, पंजे दाबत बसलं, घुरघुर सुरू झाली. तुम्ही पाठीवरून हात फिरवताय आणि टीव्ही बघताय. आता शेपटीकडे बघा. आधी फक्त टोक हलतं, मग अर्धी शेपटी सोफ्यावर आपटायला लागते. कान पुढून बाजूला वळतात. हाताखाली पाठीची कातडी एकदा थरथरते. घुरघुर थांबते. या सगळ्याला पाच-सात सेकंद मिळतात, आणि ते तुम्ही मालिकेत घालवले की मग दात. हात फिरवा, तीन-चार सेकंदांनी थांबा, हात जवळ ठेवा. त्यानं डोकं घासून पुन्हा मागितलं तरच पुढे. गाल, हनुवटी, कानामागचा भाग चालतो. उताणं झालं म्हणजे पोटाला हात लावायचं आमंत्रण नव्हे.

*थांबा:* चावा किंवा खोल ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. मांजराचे दात बारीक, जखम वरून छोटी दिसते, पण पू आत होतो. हळद दाबून गप्प बसू नका.

टप्पा ७: आता दुर्लक्ष

आधीचे सहा टप्पे किमान दोन आठवडे नीट चालले असतील तरच इथं या.

दुर्लक्ष म्हणजे बघायचं नाही, बोलायचं नाही, उठायचं नाही, "शूः" सुद्धा म्हणायचं नाही. मांजराला रागावणं हेही लक्षच आहे. दिवा लावून ओरडणारा माणूस म्हणजे त्याच्या दृष्टीनं जागा झालेला माणूस. पाण्याचा फवारा, चप्पल, कोंडून ठेवणं, यांनी ते तुम्हाला घाबरेल, पहाटेची भूक विसरणार नाही.

पहिले काही दिवस ओरडणं वाढेल. हे ठरलेलं आहे. आजवर चालत आलेली युक्ती अचानक चालेना म्हटल्यावर ते ती आणखी जोरात करून बघतं. दार ओरबाडेल, कपाटावरची बाटली पाडेल, केस चाटेल. नेमकं याच वेळी लोक उठतात, आणि सहा दिवसांचं काम पाण्यात जातं. नुसतं पाण्यात जात नाही, हट्ट आणखी पक्का होतो. मांडवी नदीतल्या कॅसिनोत माणूस मशीनपुढून हलत नाही तो रोज जिंकतो म्हणून नव्हे, अधूनमधून जिंकतो म्हणून. दहा रात्रींतून एकदा मिळणारा बांगडा तसाच.

म्हणून आधीच तयारी करा. पडेल ते रात्रीच उचलून ठेवा. दाराला आतून जाड पुठ्ठा लावा. कानात बोळे घाला. शेजाऱ्यांना सांगा की आठवडाभर आवाज होईल. फ्लॅटमध्ये हे सांगितलेलं फार उपयोगी पडतं. खोलीचं दार बंद ठेवायचं की उघडं, हे पहिल्याच रात्री ठरवा आणि मग बदलू नका. मांजर सोबत झोपत असेल आणि तुम्हाला आवडत असेल तर खुशाल झोपू द्या. पायथ्याशी त्याची चादर असू द्या, एवढंच.

सकाळी उठायची वेळ झाली आणि मांजर नेमकं ओरडतंय, तर ते एक मिनिट गप्प होईपर्यंत पडून राहा, मग उठा.

*तपासा:* दोन-तीन आठवड्यांनी टप्पा २ ची वही पुन्हा चार दिवस लिहा. पहाटेच्या नोंदी कमी झाल्या असतील तर चालू ठेवा. जशाच्या तशा असतील तर घरात कुणीतरी गुपचूप खायला घालतंय, किंवा टप्पा १ मध्ये काही राहून गेलंय. आधी पहिली शक्यता तपासा.

टप्पा ८: चवथ, नरकासुर आणि बंद घर

चवथीला पणजी, वास्को, मडगावचे फ्लॅट ओस पडतात. सगळे मूळ घरी. मांजराची सोय करणारे शेजारीही गेलेले असतात, ही गोष्ट लोकांना आदल्या दिवशी कळते. पंधरा-वीस दिवस आधी माणूस ठरवा. मांजराला परक्या घरी ठेवण्यापेक्षा, रोज दोनदा घरी येऊन खाणं, पाणी, ट्रे आणि दहा मिनिटं खेळ करणारा माणूस बरा. त्याला एकदा तुमच्यादेखत बोलावून मांजराशी ओळख करून द्या. "दोन दिवसांचं खाणं एकदम घालून ठेवलंय" हे चालत नाही. पहिल्याच रात्री अर्धं फस्त होतं, उरलेल्याला मुंग्या लागतात.

मूळ घरी न्यायचंच असेल तर आधी एक आतली खोली त्याच्यासाठी राखून ठेवायला सांगा. पोचल्या पोचल्या पेटीसकट तिथंच न्या, ट्रे आणि चादर तुमच्या घरचीच, आणि दारावर चिठ्ठी. भरलेल्या घरात कोण ना कोण दार उघडं टाकतंच. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) मांजर मोकळं सोडू नका. लोंबणारी फळं आणि रानफुलं त्याला खेळणी वाटतात, आणि त्यात कळलावीची फुलं हमखास असतात, ती विषारी आहेत.

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्यांच्या मिरवणुकांचे स्पीकर पहाटे दहनापर्यंत वाजतात. संध्याकाळ होण्याआधी खिडक्या-दारं लावा. घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात किंवा पलंगाखाली चादर टाकून जागा करा, ट्रे आणि पाणी जवळ. लपलं तर लपू द्या, ओढून मांडीवर घेऊ नका. त्या रात्री ते ओरडत तुमच्याकडे आलं तर जवळ घ्या. ती भीती आहे, टप्पा ७ चा नियम तिथं लावायचा नाही.

बाहेरगावाहून परतल्यावर मांजर दोन-तीन दिवस सावलीसारखं मागे फिरतं, आणि पहाटेचं ओरडणं पुन्हा एकदा डोकं वर काढतं. पहिल्याच संध्याकाळी खेळ, खाणं, दिवा बंद हा क्रम सुरू करा. थकला असाल तर सामान उद्या उघडा.